टॉवर नंबर एकशेबारावरचा पक्षी

भुताला रात्रच लागते, अंधारच लागतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधीतरी चैत्रात भर दुपारी अडीच वाजता सोनखेड फाट्यावरच्या उपकेंद्रात येऊन बसावं. कारंजाकडून मानोऱ्याकडे जाताना डाव्या हाताला लोखंडी कुंपण लागतं, आत गिट्टी पसरलेलं यार्ड आणि मधोमध पिवळी बैठी इमारत. त्या वेळेला रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. गिट्टीवरची हवा थरथरते आणि तिच्यातून पाहिलं की वारा नसतानाही तारा हलताना दिसतात. कुंपणालगतच्या कडुनिंबाला मोहोर आलेला असतो, त्याचा गोडसर, डोकं जड करणारा वास खोलीत येऊन बसतो. ज्योत्स्ना त्या खोलीत आठ वर्षं ड्यूटी करत होती. ती मुळात भिणाऱ्यांपैकी नव्हती. उलट कोणी भीती घातली की तिचं डोकं फिरायचं.

त्या दिवशीचं काम अगदी साधं होतं. रामनवमी दोन दिवसांवर आली होती. पोहरादेवीला यात्रेची माणसं जमायला लागली होती आणि त्या बाजूला जाणाऱ्या मोठ्या लाईनवर, एकशेबारा नंबरच्या टॉवरला, इन्सुलेटरच्या चकत्या तडकल्या होत्या. गर्दी वाढण्याआधी त्या बदलायच्या, एवढंच. सकाळी पावणेदहाला ज्योत्स्नानं लाईन बंद केली, अर्थ स्वीच टाकून ती जमिनीला जोडली आणि मुकादम रामरावांच्या नावानं एलसी दिली. एलसी म्हणजे लाईन एका माणसाच्या हवाली केल्याचा कागद. ज्याच्या नावावर एलसी, त्यानंच ती परत करायची. तोवर ब्रह्मदेव आला तरी लाईन चालू होत नाही. रामरावांबरोबर सहा माणसं गेली. सगळे सराईत, रोजचेच.

लाईन बंद असली की उपकेंद्राचा आवाज बदलतो. एक घुमारा कमी होतो. इतर लाईनींचा चालू असतोच, पण आठ वर्षं तो ऐकलेल्या कानाला मधलाच एक सूर गेलेला कळतो. ज्योत्स्नानं डबा खाल्ला, चहा घेतला, रजिस्टरमध्ये तासातासाचे आकडे भरले. समोरच्या पडद्यावर भगत गप्प बसलेला होता.

भगत हे नाव लाईनवरच्या पोरांनी ठेवलेलं. खरं तर तो एक प्रोग्राम. लाईनच्या दोन्ही टोकांना बसवलेली यंत्रं विजेचा आलेख सतत काढत असतात. कुठे बिघाड झाला की त्या आलेखात एक वेडीवाकडी उसळी येते. जुन्या बिघाडांच्या शेकडो उसळ्या पाहून पाहून कोणती कशाची हे शिकलेला हा प्रोग्राम तीन वर्षांपूर्वी वरून बसवून दिला होता. वीज पडली, झाड टेकलं, चकती फुटली, पक्षी बसला, जे काही असेल ते तो तीन सेकंदांत सांगायचा. टॉवरचा नंबर सांगायचा. शिवाय लाईन पुन्हा घ्यावी, म्हणजे चालू करावी, की घेऊ नये, हा सल्लाही द्यायचा. पूर्वी एका बिघाडासाठी माणसं चाळीस किलोमीटर पायी तुडवायची. आता घरबसल्या अंगात आल्यासारखं हा नंबर सांगतो म्हटल्यावर पोरं त्याला दुसरं काय म्हणणार?

पण भगत शिकला कोणाकडून, तर ज्योत्स्नाकडून. तिनंच चार महिने जुनी रजिस्टरं मांडीवर घेऊन अकराशे नोंदी एकेक करून त्याला शिकवल्या होत्या. ही उसळी विजेची, ही झाडाची. आणि इथेच आपल्या लोकांची एक जुनी खोड आड आली. लाईन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, माणसं फिरून आली, काही सापडलं नाही, की रजिस्टरमध्ये बिनदिक्कत लिहायचं, 'पक्षी'. वरचे साहेब विचारत नाहीत, खालचे सांगत नाहीत. पक्ष्याला कोणी खुलासा मागत नाही. अकराशे नोंदींपैकी चारशे पक्ष्याच्या नावावर होत्या. तारांवर एवढे पक्षी मेले असते तर वाशीम जिल्ह्यात औषधालाही पाखरू उरलं नसतं! ज्योत्स्नाला ते कळत होतं. तरी तिनं रजिस्टरात होतं तेच भगतला शिकवलं, कारण साहेबांनी सांगितलं होतं, "मॅडम, नोंद आहे तशी भरा. तुम्हाला तपास करायला बसवलेलं नाही."

दोन वाजून वीस मिनिटांनी रामरावांचा फोन आला.

"मॅडम, काम झालं. अर्थिंगचे दांडे काढले. सहाच्या सहा माणसं खाली हायेत. एलसी परत घ्या."

"नंबर?"

त्यांनी एलसीचा नंबर सांगितला. बरोबर होता. आवाज त्यांचाच, थकलेला, मागे कोणीतरी पाण्याची कॅन आपटल्याचा आवाज. ज्योत्स्नानं वेळ लिहिली, सही केली आणि अर्थ स्वीच काढायला उठली.

तेवढ्यात पडदा वाजला.

तिनं वळून पाहिलं. लाईन बंद होती. दोन्ही टोकांना जमिनीला जोडलेली, मेलेली लाईन. तिच्यात उसळी येणार कुठून? आलेखाची रेघ सरळच होती, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत सपाट. आणि तिच्या खाली भगतनं लिहिलं होतं.

टॉवर ११२. कारण: पक्षी. खात्री: ९९ टक्के. सल्ला: लाईन पुन्हा घेण्यास हरकत नाही.

ती खुर्चीवर बसली. तिनं ती ओळ काढून टाकली. पुन्हा आली. संगणक बंद करून चालू केला. आकडे उमटले, रेघ उमटली आणि तिच्या खाली तीच ओळ. नव्व्याण्णव. भगत पक्ष्याबद्दल कधी साठ-सत्तरच्या वर जात नसे. जाणार तरी कसा, त्याला चारशे वेगवेगळ्या गोष्टी पक्षी म्हणून शिकवलेल्या. नव्व्याण्णव म्हणजे त्यानं हुबेहूब ओळखलेली एक नोंद. आणि एकशेबारा नंबरच्या टॉवरवर पक्ष्याची नोंद सगळ्या रजिस्टरांत मिळून एकच होती.

ती तिला तोंडपाठ होती. अकरा वर्षांपूर्वीची. पक्ष्याची उसळी कशी असते, एक ठिणगी आणि संपलं. ही तशी नव्हती. ही लांबत गेली होती. लाईन ट्रिप झाली. दोन मिनिटांनी कोणीतरी हातानं पुन्हा चालू केली, पुन्हा ट्रिप झाली. आणखी तीन मिनिटांनी पुन्हा. तिसऱ्या वेळेला उसळी बारीक झालेली होती, जणू अडवणारं आता फार काही शिल्लक नव्हतं. ते पाहून चार महिन्यांत पहिल्यांदाच ज्योत्स्नाचा हात थांबला होता. तिनं रामरावांना विचारलं होतं, "काका, हे काय हाय?" रामराव बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "पक्षी हाय मॅडम. पक्षीच लिवा."

खेमा नावाचा लाईनमन त्या टॉवरवरच जिवानिशी गेला, हे कुजबुजीत सगळ्यांना ठाऊक होतं. कागदावर तो त्या दिवशी कामावरच नव्हता. आणि ज्योत्स्नानं, सगळं समजून उमजून, पक्षी लिहिलं होतं. त्याची लाज तिला तीन वर्षं होती. जेवताना मध्येच आठवायचं आणि घास फिरायचा.

आता समोर तीच ओळ होती. भगतला दुसरा शब्दच शिकवलेला नव्हता. त्या टॉवरवर माणूस आहे हे त्याला सांगायचं असतं, तरी त्यानं पक्षीच म्हटलं असतं.

तिनं फोन उचलला.

"काका, माणसं पुन्हा मोजा."

"मोजले ना मॅडम. गाडीपाशी उभे हायेत. सहा टोप्या हायेत."

"नावं घेतली का?"

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज. "मोजले म्हन्तो ना मी..."

नावं घेण्याची रीत कुठल्या नियमात लिहिलेली नाही. जुन्या लाईनमनांची ती आपसातली. टॉवरखाली उभं राहून, वर चढलेल्या प्रत्येकाचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि त्यानं जमिनीला पाय लावूनच उत्तर द्यायचं, 'उतरलो'. ज्योत्स्ना नवीन असताना हे तिला रामरावांनीच सांगितलं होतं, आणि तेच सांगताना म्हणाले होते की आता कोणी करत नाही. आता डोकी मोजतात. स्वतः रामरावांनी नावं घेणं कधी सोडलं, हे तिनं तेव्हा विचारलं नव्हतं.

"काका, टॉवरखाली जा. एकेकाचं नाव घ्या. मी फोनवर हाय. मले ऐकू आलं पाहिजे."

"मॅडम, ऊन किती हाय... पोट्टे बेजार झाले..."

"नाव घेतल्याबिगर मी लाईन घेत नाई."

तेवढ्यात दुसरा फोन वाजला, वाशीमचा. साहेबांचा आवाज नेहमीप्रमाणे सभ्य आणि घाईत होता.

"मॅडम, एलसी परत झाली ना? मग लाईन का घेतली नाही अजून? तिकडे पाण्याचे पंप बंद पडलेत. हजारो माणूस आलाय. मला वरून तीन फोन झाले."

"साहेब, एकशेबारावर माणूस आहे असं मला वाटतं."

"वाटतं? मुकादम काय म्हणतो?"

"सगळे खाली आहेत म्हणतात."

"आणि सिस्टीम?"

ज्योत्स्नानं पडद्याकडे पाहिलं. "सिस्टीम म्हणते, पक्षी. हरकत नाही, घ्या."

"मग झालं की!" साहेब खरोखर चकित झाले होते. "मुकादम म्हणतो घ्या, सिस्टीम म्हणते घ्या, मी म्हणतोय घ्या. तुम्ही एकट्या कशाच्या जोरावर अडवून बसलात?"

"साहेब, बंद लाईनवर भगत बोलतोय. कशावर बोलतोय?"

"बिघाड असेल त्याच्यात. कंपनीला कळवू. लाईन घ्या."

"नाही घेत."

"मॅडम, हे मला लेखी द्यावं लागेल तुमच्याविरुद्ध."

"द्या," ज्योत्स्ना म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तिला त्याची पर्वा नव्हती. "स्पेलिंग नीट लिहा माझ्या नावाचं. अर्थ स्वीचची किल्ली माझ्या हातात आहे आणि मी ती ठेवत नाही. बदली करा, घरी बसवा, काय करायचं ते करा. पण माझ्या ड्यूटीत कोणाला पक्षी करायचं नाही."

तिनं साहेबांचा फोन बंद करून बाजूला ठेवला.   खोलीत निंबाच्या मोहोराचा वास कमी झाला होता. त्याच्या जागी दुसराच वास होता, उन्हात तापलेल्या लोखंडाचा आणि कातडी पट्ट्याला मुरलेल्या घामाचा. लाईनमन वरून उतरून जवळून गेला की येतो तसा. खोलीत लाईनमन नव्हता.

पहिल्या फोनवरून रामरावांची पावलं ऐकू येत होती. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या पायाखाली मोडत होत्या. मग ते थांबले.

"भाऊसिंग!"

"उतरलो!" दुरून, हसत.

"अश्वजित!"

"उतरलो!"

"राजू!... जगदेव!... प्रज्वल!" प्रत्येकाचं उत्तर आलं, कोणाचं कंटाळलेलं, कोणाचं चेष्टेचं. काकांना आज काय झालं, असं कोणीतरी म्हणालंही.

"प्रसेनजित!"

उत्तर आलं नाही.

"प्रसेनजित...!"

हसणं थांबलं. फोनमधून नुसती दुपार ऐकू येत होती, एक लांबलेली सूंऽऽ. मग रामरावांचा श्वास मोठा झाला. "अरे बाप्पा," ते म्हणाले, अगदी हळू. "अरे बाप्पा... मॅडम, पोट्टा वरतीच हाय!"

प्रसेनजित तार जमिनीला जोडणारा शेवटचा दांडा काढायला वर गेला होता. दांडा दोरीनं खाली आला, तो मात्र आला नाही. उन्हानं त्याची शुद्ध हरपली होती आणि तो कमरेच्या पट्ट्यावर, टॉवरच्या आडव्या हाताच्या पलीकडच्या बाजूला लोंबकळत होता. लोखंडाच्या जाळीआड खालून दिसत नव्हता. तारेपासून त्याचा खांदा हातभर होता. वीस वर्षांचं पोर, बाभुळगावचं, दिवाळीनंतर कामाला लागलेलं. ज्योत्स्नानं मघाशी स्वीच काढला असता तर... तिनं ते वाक्य मनात पुरं होऊ दिलं नाही.

त्याला उतरवायला पंचवीस मिनिटं लागली. भाऊसिंग आणि राजू वर गेले. फोन चालूच होता. ज्योत्स्ना किल्ली मुठीत घट्ट धरून बसली होती. "धर... धर... सोडू नको... हळू..." एवढंच ऐकू येत होतं. शेवटी कोणीतरी ओरडलं, "पाणी! तोंडावर मार पाणी!" आणि मग एक बारीक, चिडलेला आवाज आला, "नाकात गेलं ना बे!" तेव्हा ज्योत्स्ना हसली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. जगदेवनं त्याला गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं.

साहेबांचा फोन पुन्हा आला. तिनं झालं ते सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं, मॅडम. बरं झालं. आता... आता तर सगळे उतरले ना? मग घ्या लाईन. पंप..."

"पाच मिनिटं," ती म्हणाली.

कारण रामराव पलीकडे काहीतरी पुटपुटत होते. तिनं तो फोन कानाला लावला.

"काय म्हणता काका?"

"मॅडम, मी सहा मोजले होते." त्यांचा आवाज पार बसला होता. "पोट्ट्याच्या आईची आन. गाडीच्या सावलीत सहा जण उभे होते. टोप्या घालून. बोट दाखवून मोजले मी. अन् पोट्टा तं वरतीच होता. मंग थो सहावा कोन होता?"

ज्योत्स्नानं फोन कानाशी घट्ट धरला.

"सहा होते खाली, सातवा वरतून आला. सात व्हायले पाह्यजे होते. पन सहाच भरले, मॅडम... गाडी जायच्या आधी दोनदा मोजले मी..."

 तिनं पडद्याकडे पाहिलं. ओळ तशीच होती. टॉवर ११२. पक्षी. नव्व्याण्णव टक्के. प्रसेनजित गाडीत बसून मानोऱ्याच्या वाटेला लागला होता आणि ओळ हलली नव्हती.

रांगेत उभं राहून मोजणी पुरी करणारा आणि पडद्यावर ओरडून सांगणारा, हे दोघं एकच की वेगळे, ते तिला त्या वेळी समजलं नाही आणि पुढेही कधी ठरवता आलं नाही. एकानं पोराला मारायला घेतलं होतं, एकानं वाचवलं होतं. दोघं एकच असतील तर अकरा वर्षं वर लटकत राहिलेल्या माणसाच्या मनात काय काय चालत असेल, याचा विचार तिला सोसवेना. भीती तर वाटतच होती. पण तिच्या खालून राग वर आला. खेमाचा राग, साहेबांचा, रामरावांचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा.

"काका," ती म्हणाली, "अजून एक नाव राह्यलं."

"नाई..."

"घ्या."

"नाई मॅडम... मले नाई होत. तुमी काई बी सांगा, थे नाई होत माह्याच्यानं." म्हातारा रडायला लागला होता. "त्या दिवशी मीच मोजले होते माणसं. घाई होती. नाव नाई घेतलं. लाईन घेतली, ट्रिप झाली, अन् मीच फोनवर बोल्लो, पक्षी असंन, अजून एक खेप घेऊन पाहा. तीन खेपा घेतली, मॅडम. मंग वरती पाह्यलं मी... एकतीस वर्साचा होता थो. तवापासून कोनाचंच नाव घेतलं नाई. तोंडच उघडे ना."

"तुमी बोलले अन् मी लिवलं," ज्योत्स्ना म्हणाली. "शिकवलं बी. म्हून थे यंत्र बी त्याले पक्षीच म्हणते. आज वीस वर्साचं पोट्टं गेलं असतं आपल्या पक्ष्यापायी. नाव घ्या काका. मोठ्यानं घ्या. थो उतरल्याबिगर मी लाईन घेत नाई."

बाजूचा फोन वाजत होता. साहेब. तिनं उचलला नाही. वाजून वाजून तो बंद पडला, पुन्हा वाजला, पुन्हा बंद पडला.

पलीकडे पऱ्हाट्या मोडल्या. एक पाऊल, दुसरं. लोखंडावर हात टेकल्याचा आवाज आला.

"खेमा..." अगदी घोगरं.

"मोठ्यानं, काका."

"खेमा!" रामराव ओरडले. अकरा वर्षं दाबून ठेवलेला आवाज होता तो, त्यानं फोनही फाटल्यासारखा खरखरला. "खेमाऽऽ! उतर रे बाबा! खाली ये!"

आणि उत्तर आलं.

"उतरलो."

मोठ्यानं नाही. दमलेल्या माणसानं पायरीवर टेकता टेकता म्हणावं तसं. पडद्यावरची ओळ विझली. खाली नुसती सपाट रेघ उरली.

"ऐकलं काका?" ती म्हणाली. "उतरला थो. ऐकलं ना?"



"ऐकलं मॅडम," रामराव म्हणाले. "पन इथी कोनी बोल्लं नाई. मले थे फोनातून ऐकू आलं. तुमच्याकडून." मग, जवळजवळ कुजबुजत, "मॅडम... तुमच्यापाशी कोन हाय?"

ज्योत्स्नानं फोन खाली ठेवला. खोलीत ती एकटीच होती, दाराला आतून कडी होती. तापल्या लोखंडाचा वास आता तिच्या उजव्या खांद्याच्या मागे, अगदी जवळ होता. पट्ट्याची कडी किणकिणली. कोणीतरी श्वास घेत होतं, लांबून चढून आल्यासारखा.

तिनं मागे वळून पाहिलं नाही.  ती उठली नाही, देवाचं नावही तिनं घेतलं नाही. तिनं कपाटाशी हात लांबवून ते अकरा वर्षांपूर्वीचं रजिस्टर ओढलं, पान उघडलं आणि 'पक्षी' या शब्दावर लाल पेनानं एक सरळ रेघ मारली. साहेब उद्या यासाठी जाब विचारतील. विचारू देत.

"बसा, खेमाभाऊ," ती म्हणाली. आवाज कापला, तरी तिनं तो खाली येऊ दिला नाही. "आधी तुमचं नाव लिवते. लाईन मंग घेईन."

तिनं लिहिलं, 'माणूस'. शेजारी लिहिलं, 'खेमा'.

"बापाचं नाव सांगा."

मागून कोणीतरी सांगितलं. तिनं लिहिलं.

"गाव?"

तेही सांगितलं, तांडा कुठला ते धरून. तिनं लिहिलं. मागची खुर्ची वजनानं करकरली.

"वय?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता 'ए' हे अक्षर काढलंही. एकतीसचा ए.

"बेचाळीस," मागून आवाज आला.

ज्योत्स्नाचं पेन थांबलं. एकतीस, आणि वर लटकत काढलेली अकरा. बाजूचा फोन पुन्हा वाजायला लागला. तिनं 'ए' वर काट मारली, आणि त्यानं जे सांगितलं होतं तेच लिहिलं.